लहान खांद्यांवरील ओझे : घरच्या आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या मुलांस आधार कोठून मिळेल?

पाठ : मार्क २:१-१२

खेड्यातील कोणत्याही वस्तीत जाऊन घरोघरी विचारपूस केली, तर अंथरुणास खिळलेले, वार्धक्याने थकलेले किंवा दीर्घ दुखण्याने क्षीण झालेले मनुष्य काही घरांत तरी आढळतेच. त्याची काळजी कोण घेते, असे विचारले असता घरचे लोक बहुधा आईचे किंवा सुनेचे नाव सांगतात. परंतु घटकाभर तेथे बसून पाहिले, तर पाण्याचा तांब्या घेऊन खाटेपाशी उभी असलेली व्यक्ती पुष्कळदा बारा-तेरा वर्षांची मुलगी असते, किंवा अंगात शाळेचा गणवेश असून शाळेस न गेलेला मुलगा असतो. अशा मुलांविषयी आणि त्यांस मिळू शकणाऱ्या साहाय्याविषयी ह्या पाठात आम्ही विचार करणार आहोत.

१. हे मूल कोण?

समजा, एका घरात बापाच्या अंगावरून वारे गेले आहे. आई रोजगारास जाते, नाहीतर चूल पेटत नाही. थोरली मुलगी सातवीत आहे. सकाळी ती बापाचे तोंड धुते, त्यास चहा पाजते, गोळी देते, कूस बदलते, लघवीचे भांडे बाहेर नेते, धाकट्या भावास आंघोळ घालून शाळेत पाठविते. आणि इतके होईपर्यंत शाळेची घंटा होऊन गेलेली असते. हे काम तिला कोणी नेमून दिले नव्हते. एके दिवशी आई नाइलाजाने कामावर गेली, दुसऱ्या दिवशीही गेली, आणि सेवा मुलीच्या अंगावर पडली ती पडलीच.

अशी घरे नाना प्रकारची असतात. कोठे आजीची दृष्टी गेलेली, कोठे आईस क्षय झालेला, कोठे भाऊ जन्मापासून अपंग, कोठे बाप दारूने नासलेला, तर कोठे आईचे चित्त ठिकाणावर नाही. बीड, जालना, अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणारी जोडपी दिवाळीच्या सुमारास घर सोडतात ती हंगाम संपल्यावर परत येतात. मागे राहिलेल्या घरात आजीआजोबा नातवंडांस सांभाळतात की नातवंडे आजीआजोबांस, हे सांगणे पुष्कळ वेळा कठीण असते.

इंग्लंडात २०१४ साली झालेल्या कायद्याने अशा मुलांच्या गरजा तपासून पाहणे हे स्थानिक सत्तेचे कर्तव्य ठरविले. स्कॉटलंडातही २०१६ साली तशाच हेतूचा कायदा झाला. आपल्या देशात बालकांसाठी, वृद्धांसाठी व अपंगांसाठी कायदे आहेत. परंतु आजाऱ्याची सेवा करणारे मूल म्हणून त्या मुलासाठी स्वतंत्र कायदा नाही. म्हणून कोणत्याही कचेरीत त्याच्या नावाचा रकाना सापडत नाही. ह्याचा अर्थ मदत मुळीच नाही असा नव्हे. मदत आहे, परंतु ती चार ठिकाणी विखुरलेली आहे, आणि ती गोळा करून घरापर्यंत आणण्यास मोठे मनुष्य लागते. बारा वर्षांच्या मुलीने तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालावे अशी अपेक्षा कोणी करू नये. ते मोठे मनुष्य कोणी व्हावयाचे, हाच ह्या पाठाचा प्रश्न आहे.

२. स्तुतीने ओझे हलके होत नाही

श्रावणबाळाचे नाव महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? वृद्धांसाठी असलेल्या सरकारी योजनेसही तेच नाव आहे. आंधळ्या आईबापांस कावडीत घालून नेणाऱ्या त्या मुलाची स्तुती सर्व जण करितात. परंतु त्याच्या कावडीस दुसऱ्या कोणी खांदा दिला, असे त्या कथेत कोठे ऐकू येत नाही. अंधार पडल्यावर पाणी आणावयासही तोच एकटा गेला, आणि तेथेच त्याचा अंत झाला. आमच्या गावांतही असेच घडते. “पोर मोठी गुणाची, बापाचे सगळे करते,” असे म्हणून शेजारीण आपल्या वाटेने जाते. त्या शब्दांनी मुलीस घटकाभर बरे वाटते, हे खरे. पण पाण्याचा हंडा तितकाच जड राहतो.

आम्ही सेवेची निंदा करीत नाही. घरच्या दुखण्यात मुलाने हात लावावा, ह्यात वावगे काहीच नाही. त्यातून ते माया व जबाबदारी शिकते. परंतु हातभार लावणे निराळे आणि सगळा भार वाहणे निराळे. हातभार लावणारे मूल शाळेस जाते, खेळते, रात्री झोपते. आणि त्याने एखादे दिवशी काम केले नाही तरी घर थांबत नाही. भार वाहणाऱ्या मुलाचे तसे नसते. ते वारंवार शाळेस गैरहजर राहते, विशेषतः बाजाराच्या व मजुरीच्या दिवशी. वर्गात त्यास डुलकी येते. पाठ किंवा कंबर दुखते असे ते म्हणते. सोबत्यांत मिसळत नाही. लहानसहान गोष्टीवरून चिडते किंवा अगदीच मुके होते. घरी पाहुणा आला तर दारातूनच त्यास वाटेस लाविते. पुष्कळ मुले तर “मला शाळाच आवडत नाही” असे सांगतात, कारण “मी शाळेत गेले तर बापाला पाणी कोण देईल?” असे म्हणण्यापेक्षा ते सांगणे सोपे असते. ह्या खुणा उपदेशकांनी व शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवाव्या.

कोणी म्हणेल, “आईबापांची सेवा हा लेकरांचा धर्मच आहे, त्यात बाहेरच्यांनी का पडावे?” ह्यास उत्तर असे की, आईबापांच्या सेवेची आज्ञा कोणी मोडावी असे आम्ही म्हणत नाही. जे मूल आज शाळा सोडील, त्याच्या हाती उद्या मजुरीवाचून काही उरणार नाही. मग त्याच आईबापांच्या म्हातारपणी त्यांच्या औषधाचा पैसा ते कोठून आणील? आज मुलाची शाळा राखणे ही देखील त्या घराचीच सेवा होय.

३. बाजेचे चार कोपरे

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम येथील पक्षघाती मनुष्याची हकीकत आहे. त्यास आपल्या पायांनी येता येत नव्हते. चौघांनी त्यास उचलून आणिले. त्या चौघांची नावे दिलेली नाहीत. ते त्याचे भाऊ होते की शेजारी, हेही सांगितलेले नाही. ते चार होते, एवढे मात्र स्पष्ट लिहिले आहे. दाटीमुळे पुढे जाता येईना, तेव्हा ते माघारी फिरले नाहीत. छपर उस्तरून त्यांनी बाज खाली सोडली.

ह्या भागावर बोलताना आम्ही बहुधा त्यांच्या विश्वासाकडे लक्ष देतो, आणि ते योग्यच आहे. आज एक साधी गोष्ट पाहावी. बाजेस चार कोपरे असतात. एकट्याने उचलू म्हटले तर ती उलटते. दोघांनी उचलली तर थोड्या पावलांवर हात भरून येतात. चौघांनी उचलली तर तीच बाज कोसभर जाते. आजारी मनुष्याचे वजन तेवढेच असते. फक्त खांदे वाढलेले असतात.

चौथा खांदा न मिळाल्याने काय होते, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई सोळा वर्षांच्या सुमारास असताना दुष्काळात त्यांचे वडील व पाठोपाठ आई मरण पावली. आईचा देह नेण्यास चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण मदतीस आले, तिसरे रमाबाईंचे बंधू, आणि चौथ्या रमाबाई स्वतः. उंची कमी असल्यामुळे आपल्या वाट्याचे ओझे त्यांस डोक्यावर घ्यावे लागले, असे त्यांनीच लिहून ठेविले आहे. पुढे १८८९ साली ह्याच बाईंनी मुंबईस शारदासदन उघडले व कित्येक निराश्रित स्त्रियांस आधार दिला. तथापि त्या प्रसंगाने त्यांस मोठेपण आले, असे म्हणून कोणी त्याचे समर्थन करू नये. कोवळ्या मुलीच्या डोक्यावर आईची तिरडी यावी, ही त्या मुलीची शोभा नव्हे. चौथा मनुष्य घरात बसून राहिला, ही भोवतालच्या लोकांची उणीव होय.

आता ज्या मुलांविषयी आपण बोलत आहोत, त्यांच्या घरच्या बाजेचे चार कोपरे कोणी उचलावयाचे, ते क्रमाने पाहू.

४. पहिला कोपरा : घर व आप्त

प्रथम घरातील मोठ्या माणसांनी एकत्र बसून, आजाऱ्यासाठी दिवसभरात कोणकोणती कामे करावी लागतात, त्यांची यादी करावी. यादी झाली म्हणजे घरचेच लोक चकित होतात. कारण निम्मी कामे मूल करीत होते, हे त्यांच्या ध्यानी आलेले नसते. मग कोणते काम मुलाने करावे व कोणते करू नये, हे ठरवावे. पाणी देणे, वर्तमानपत्र वाचून दाखविणे, गोळीच्या वेळेची आठवण करणे, जवळ बसून गप्पा मारणे, ही कामे मुलास शोभतात. परंतु जड मनुष्यास एकट्याने उचलणे, रात्रभर जागणे, औषध कमीजास्त करणे, वयात आलेल्या मुलीने बापास किंवा मुलाने आईस आंघोळ घालणे, ही कामे मोठ्या माणसांची आहेत.

मामा, चुलता, आत्या, थोरला भाऊ ह्यांस मदत मागताना मोघम बोलू नये. “आमच्याकडे लक्ष असू द्या” असे म्हटले तर सर्व जण होकार देतात आणि कोणी येत नाही. “दर गुरुवारी दुपारी दोन तास तुम्ही दादांजवळ बसा, म्हणजे पोरगी शाळेत राहील,” असे म्हटले तर येणारा येतो. आणि एक गोष्ट आणखी : घरात मुलगा व मुलगी दोघे असता सेवा नेहमी मुलीच्याच वाट्यास का येते, हे आईबापांनी आपल्या मनास विचारावे. भांडे उचलण्यास मुलाचे हातही तितकेच समर्थ असतात.

५. दुसरा कोपरा : शाळा

पुष्कळ घरांत लाजेमुळे शिक्षकास काही सांगत नाहीत. मग मूल गैरहजर राहिले म्हणजे शिक्षक त्यास आळशी समजतो, मूल रागे भरून घेते, आणि शेवटी शाळेस जाणेच सोडते. यास्तव पालकाने, नाहीतर उपदेशकाने, मुख्याध्यापकास एकांतात भेटून घरची स्थिती सांगावी. उशिरा येण्याची मोकळीक, बुडलेल्या पाठांची वही, आणि एक समजूतदार शिक्षक, एवढ्यानेही मूल शाळेत टिकते.

कायदाही मुलाच्या बाजूस आहे. २००९ साली झालेला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास विनामूल्य शिक्षणाचा हक्क देतो. मध्येच शाळा सुटलेल्या मुलास त्याच्या वयास योग्य अशा वर्गात घ्यावे, मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यास त्यास विशेष शिकवणी द्यावी, आणि चौदा वर्षे उलटली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे होईतो ते विनामूल्य चालू ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. “आता वय गेले” असे कोणी म्हटले तर हे नम्रतेने दाखवून द्यावे.

जी मुले आठवीच्या पुढे गेली आहेत व ज्यांस रोज शाळेस जाणे खरोखरच अशक्य आहे, त्यांसही मार्ग आहे. दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देण्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरता येतो. त्याची मुदत शाळेत विचारून घ्यावी. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयात पाच वर्षांच्या मुदतीत थोडेथोडे विषय देऊन परीक्षा पुरी करता येते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून तरुणांस घरी राहून पदवीचा अभ्यास करिता येतो. ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या मुलांसाठी सरकार हंगामी वसतिगृहांची सोय करिते. हंगामापूर्वीच तिची चौकशी करावी. परंतु घरी बसून शिकणे हा शेवटचा उपाय समजावा. शाळा हीच पुष्कळदा त्या मुलाची विसाव्याची जागा असते.

६. तिसरा कोपरा : दवाखाना

२००५ सालापासून खेडोपाडी आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. आशाताई त्याच गावची असते. तिला घरी बोलावून आजारी मनुष्य दाखवावा, आणि त्याची सेवा करणारे मूलही दाखवावे. दवाखान्यात डॉक्टर आजाऱ्याची नाडी पाहतात, पण औषध प्रत्यक्ष देणारे कोण हे विचारीत नाहीत, म्हणून तेही आपणच सांगावे. रोग्यास कुशीवर कसे वळवावे, कसे बसवावे, औषधाच्या वेळा कागदावर कशा मांडाव्या, हे मोठ्या मनुष्याने परिचारिकेकडून शिकून घ्यावे. अंथरुणास खिळलेल्या मनुष्याची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीस व कमरेस जखमा पडतात. हे रात्रंदिवसाचे काम एका मुलाकडून होणारच नाही, एवढे हिशेब केला तरी कळून येईल.

घरात क्षयाचा रोगी असेल तर जवळ वावरणाऱ्या मुलांची तपासणी अवश्य करून घ्यावी. क्षयाची तपासणी व औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. शिवाय आहारासाठी २०१८ पासून रोग्यास दरमहा ५०० रुपये मिळू लागले, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये करण्यात आले.

मनाचा आजार असलेल्या घरातील मुलांची स्थिती सर्वांत कठीण, कारण त्या घरी कोणी बसावयास येत नाही. अशा आजारास करणी किंवा भूतबाधा समजून मुलास एकटे टाकू नये. तो आजारच आहे व त्यास औषध आहे. जिल्हा रुग्णालयात त्याची तपासणी होते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या दूरध्वनी क्रमांकावर मनाच्या त्रासाविषयी विनामूल्य सल्ला मिळतो, तो मराठीतही मिळतो. आजाऱ्यासाठीच नव्हे, तर थकून गेलेल्या तरुणानेही तेथे बोलावे.

मोठ्या शस्त्रक्रियेचा किंवा इस्पितळाचा खर्च आला, तर कर्ज काढण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. नेमलेल्या इस्पितळांत, योजनेतील उपचारांसाठी, कुटुंबामागे वर्षास ५ लाख रुपयांपर्यंतचा खर्च त्या योजनेतून होतो. कर्ज झाले म्हणजे आई दुप्पट मजुरी करिते, आणि खाटेपाशी मूल दुप्पट वेळ उभे राहते.

७. चौथा कोपरा : सरकारी कचेरी

घरात दरमहा थोडा पैसा आला तर आईस काही दिवस घरी राहता येते, आणि तितके दिवस मूल शाळेत जाते. म्हणून पुढील योजना उपदेशकांनी आपल्या वहीत लिहून ठेवाव्या.

पहिली, संजय गांधी निराधार अनुदान योजना. पासष्ट वर्षांखालील निराधार, अपंग, विधवा, तसेच क्षय, कर्करोग, कुष्ठरोग अशा दुखण्यांनी पीडित गरीब मनुष्यांस ती आहे. दुसरी, श्रावणबाळ योजना. ती पासष्ट वर्षे व त्यांवरील गरीब वृद्धांस आहे. ह्या दोहोंची रक्कम २०२३ साली दरमहा १५०० रुपये करण्यात आली. अपंगांच्या बाबतीत ती २५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ साली झाला. अर्ज तहसील कचेरीत करावयाचा असतो.

तिसरी, बालसंगोपन योजना. हिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले ह्यांचे नाव आहे. अनाथ, एक पालक असलेली, किंवा ज्यांचे आईबाप गंभीर आजाराने अथवा अपंगत्वाने त्यांस सांभाळू शकत नाहीत, अशी मुले घरीच राहून वाढावी म्हणून ती आहे. २०२३ पासून तिची रक्कम मुलामागे दरमहा २२५० रुपये ठरली. चौथी, केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतील प्रायोजकत्व. २०२२ च्या नियमांप्रमाणे तिच्यात दरमहा ४००० रुपये मिळतात. खेड्यातील कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांहून अधिक नसावे, अशी अट आहे. ह्या दोन योजनांपैकी आपल्या घरास कोणती लागू पडते, हे जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कचेरीत विचारावे.

अपंगत्वाचा दाखला ही पुष्कळ दारांची किल्ली आहे. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले, व त्यांत मनाचा दीर्घ आजारही आहे. म्हणून “हे अपंगत्वात बसत नाही” असे आपणच ठरवून घरी बसू नये. आधारपत्र, शिधापत्रिका, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला, डॉक्टरचे कागद, बँकेचे पुस्तक आणि मुलाच्या शाळेचा दाखला, ह्यांच्या नकला एका पिशवीत घालून ठेवाव्या. पुष्कळ अर्ज एका कागदासाठी परत येतात.

एका भीतीविषयी येथे स्पष्ट बोलणे जरूर आहे. “कचेरीत कळविले तर पोर उचलून आश्रमात नेतील,” अशा भयाने कित्येक घरे गप्प राहतात. २०१५ च्या बालन्यायाच्या कायद्यात मुलास संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय मानला आहे; होता होईल तो मूल आपल्या कुटुंबात राहावे, असेच त्याचे तत्त्व आहे. प्रत्येक जिल्ह्यातील बालकल्याण समिती ह्यासाठीच असते. मुलास मारहाण होत असेल, उपासमार होत असेल, किंवा ते अगदी एकटे पडले असेल, तर १०९८ ह्या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही कळवावे. पैसे पडत नाहीत. ही सेवा १९९६ साली मुंबईतच प्रथम सुरू झाली. मूल स्वतःही तेथे बोलू शकते, हे शब्बाथशाळेत सर्व मुलांस सांगून ठेवावे.

आणि कचेरीत पहिल्या दिवशी काम झाले नाही तर? दार दाटीने भरलेले पाहून ते चौघे परतले नाहीत, हे आठवावे. अर्जाची पोच घ्यावी, तारीख लिहून ठेवावी, आणि पुन्हा जावे.

८. मंडळीने काय करावे?

घर, शाळा, दवाखाना आणि कचेरी हे चार कोपरे झाले. परंतु चौघांस एके ठिकाणी बोलावणारा कोणी पाहिजे. ते काम मंडळीने करावे असे आम्हांस वाटते. ह्यास मोठा पैसा लागत नाही. केरळात कोझिकोड येथे १९९३ साली वेदनाशामक उपचारांची एक संस्था निघाली. पुढे तेथील गावोगावच्या साध्या लोकांनी थोडे शिक्षण घेऊन आपल्याच शेजारच्या अंथरुणास खिळलेल्या रोग्यांकडे नेमाने जाण्याचा परिपाठ घातला. २००८ साली केरळ सरकारने ह्या कार्याविषयी धोरण ठरविले. शेतकरी, विद्यार्थी, गृहिणी हे तेथे जे करू शकले, ते आमच्या वस्त्यांत होणार नाही असे नाही.

आरंभ लहान करावा. प्रथम वस्तीतील अशा घरांची माहिती करून घ्यावी. जात, धर्म किंवा मंडळीची हजेरी पाहू नये. मदत उपासनेस येण्याच्या अटीवर दिली, तर ती मदत राहत नाही, तो सौदा होतो. नंतर मुलास विचारावे, “तुला सर्वांत जड काय जाते?” आम्ही समजतो की त्यास पैसा हवा, ते कदाचित सांगेल की परीक्षेच्या आठवड्यात रात्री झोप हवी. जे ते सांगेल तेथून आरंभ करावा.

मग पाळ्या लावाव्या. स्त्रीमंडळातील दोन बहिणींनी आठवड्यातून दोन दुपारी आजाऱ्याजवळ बसावे. तरुणसंघाने पाणी व सरपण पाहावे. लिहिता-वाचता येणाऱ्या एकाने कागदांची पिशवी व कचेरीचे हेलपाटे आपल्याकडे घ्यावे. एकट्याने कोणी मुलाच्या घरी जाऊ नये, दोघांनी जावे. त्यात मुलाचेही रक्षण आहे आणि जाणाऱ्याचेही. प्रार्थनेत त्या घराचे नाव मोठ्याने घेऊन त्यांचे दुःख चव्हाट्यावर आणू नये. आणि जेवढे झेपेल तेवढेच वचन द्यावे. दोन आठवडे उत्साहाने जाऊन तिसऱ्या आठवड्यात न जाणारा मनुष्य त्या मुलाची निराशा करितो. आठवड्यातून एकच तास, पण वर्षभर नेमाने देणारा त्याचे खरे ओझे उचलतो.

आजारी मनुष्य मरण पावल्यावरही मूल विसरू नये. वर्षानुवर्षे ज्याचा दिवस दुसऱ्याच्या औषधाच्या वेळांवर चालला, त्यास एकाएकी रिकामे हात घेऊन कसे बसावे हे कळत नाही. कित्येकांस आपल्या सेवेत काही उणे राहिले असे वाटून मनात टोचणी लागते. त्या दिवसांत त्याजकडे जाणे, त्याचे बोलणे ऐकणे, आणि शाळेत किंवा कामात पुन्हा त्याची घडी बसवून देणे, हेही त्याच सेवेचे अंग समजावे.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) तुमच्या वस्तीत आजाऱ्याची किंवा वृद्धाची सेवा करणारी अठरा वर्षांखालील मुले किती आहेत? त्यांपैकी किती शाळेस नेमाने जातात?

(२) हातभार लावणारे मूल व सगळा भार वाहणारे मूल ह्यांतील भेद कोणत्या खुणांवरून ओळखाल?

(३) कफर्णहूमच्या त्या बाजेचे चार कोपरे चौघांनी धरले होते. तुमच्या माहितीतील एका घराच्या बाबतीत आज कोणता कोपरा रिकामा आहे?

(४) वर सांगितलेल्या योजनांपैकी कोणती त्या घरास लागू पडेल? तिच्यासाठी कोणते कागद हवेत, आणि कचेरीत कोण जाईल?

(५) पुढील प्रभुवारापूर्वी तुम्ही स्वतः कोणत्या घरी, कोणत्या दिवशी व किती वेळ बसाल? दिवस व वेळ वहीत लिहा.